मूळ प्रत कुठे पाहिली?

“हा मधला चौकोन जरा मोठा काढा,” चिंचोळकर सर म्हणाले. “सगळे बाण तिथूनच निघतात, तर तो मोठाच दिसायला पाहिजे.”

मी खोडरबर घेतलं आणि मधला चौकोन पुसून पुन्हा काढला. अकोल्याला सरांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, माझ्या प्रबंधाची चौकट पसरलेली होती. पंख्यानं कागद उडत होता म्हणून सरांच्या मिसेसनं चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या होत्या. मधल्या चौकोनात लिहिलं होतं, ‘पालकांची उदासीनता’. तिथून निघालेले बाण तीन चौकोनांत जायचे, ‘अनियमित हजेरी’, ‘घरकाम’ आणि ‘लवकर लग्न’. त्या तिघांतून पुन्हा बाण निघून एकाच ठिकाणी आदळायचे, ‘मुलींची शाळेतून गळती’. संशोधनातली चौकट म्हणजे असाच नकाशा असतो. कशामुळे काय होतं असं आपल्याला वाटतं, ते त्यात मांडायचं. आणि वाटतं ते उगीच वाटत नाही हे दाखवायला आधीच्या लोकांनी काय काय लिहून ठेवलंय त्याचा आढावा घ्यायचा. म्हणजे आधी वाचायचं, मग चौकट बांधायची. निदान तशी अपेक्षा असते.

ही गोष्ट मार्च २००६ची. मी एका डी.एड. कॉलेजात शिकवत होते, वय बेचाळीस, आणि पीएच.डी.च्या नोंदणीचं सहावं वर्ष चालू होतं. तेही वाढवून मिळालेलं, शेवटचं. स्टाफरूममध्ये दरवर्षी माझ्या प्रबंधाचा वाढदिवस साजरा व्हायचा, मला चिडवायला. पण त्या वर्षी कोणी केला नाही. एकतीस मार्चच्या आत प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द होणार, हे त्यांनाही माहीत होतं. सर जूनमध्ये निवृत्त होणार होते. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. नोंदणी गेली असती तर बेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या दारात उभं राहून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि मी ती केली नसती. मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

हातात अकरा दिवस होते. चौकट झाली, आता संदर्भसूची बघू, असं सर म्हणाले. आमच्या विद्यापीठाचा त्यासाठी एक छापील तक्ता होता. संशोधकाचं नाव, वर्ष, विषय, पान क्रमांक, आणि शेवटचा रकाना, ‘मूळ प्रत कुठे पाहिली?’ खाली उमेदवाराची सही. सात-आठ वर्षांपूर्वी कुठल्याशा समितीनं हा रकाना घुसडला होता आणि तेव्हापासून सगळे उमेदवार त्या समितीच्या नावानं बोटं मोडत होते. माझे त्रेसष्ट संदर्भ. त्यातले चाळीसेक मी खरंच पाहिले होते. उरलेल्यांपुढे, खोटं कशाला बोलू, सगळे लिहितात तसं एखाद्या ग्रंथालयाचं नाव टाकून दिलं होतं. रकाना रिकामा होता तो एकाच नावापुढे. हिवराळे, १९८३.

“हा का सोडला?” सरांनी विचारलं.

मी म्हटलं, हिवराळेबाईंचं माझ्याकडे फक्त ते पानच आहे. तुम्ही दिलेलं. मूळ प्रत कुठे असते तेसुद्धा मला माहीत नाही. लिहून टाकू का काहीतरी?

सरांनी एक वाटी उचलून पुन्हा होती तिथेच ठेवली. “तुमची मर्जी,” ते म्हणाले. “पण तुमचा मधला चौकोन तिच्यावर उभा आहे, संध्याताई.” मग जाता जाता म्हणाले, विद्यापीठाच्या ग्रंथालयात असेल, तळघरात जुने प्रबंध ठेवतात.

ते पान आमच्याकडे प्रसिद्ध होतं. शिक्षणशास्त्रात संशोधन करणाऱ्या कुणाच्याही फायलीत ते सापडायचं. टंकलिखित पान, क्रमांक एकशे बारा, झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिची पुन्हा झेरॉक्स. कडा काळ्या पडलेल्या, मजकूर मात्र वाचता यायचा. मला ते सरांनी नोंदणीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात दिलं होतं. त्याची शेवटची ओळ आम्हा सगळ्यांना पाठ होती. ‘पालकांची उदासीनता हेच मुलींच्या गळतीचे प्रमुख कारण आहे’. पाच तालुके, चारशे कुटुंबं, घरोघरी जाऊन घेतलेल्या मुलाखती. एवढं काम त्या बाईंनी केलेलं म्हटल्यावर आम्ही कंसात (हिवराळे, १९८३) लिहायचो आणि पुढे जायचो.

आणि मला ते वाक्य आवडायचं. हेही सांगून टाकते. माझी बहीण रत्ना माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सातवीत असताना कापसाच्या वेचणीला तिला घरी ठेवली, ती पुन्हा शाळेत गेलीच नाही. मी लहान, वेचणीला बिनकामाची, म्हणून शाळेत राहिले आणि शिकले. रत्ना माझ्यापेक्षा हुशार होती, तिनं मला पाढे शिकवले होते. आता ती कारंज्याकडे सासरी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत होती. माय माझ्याजवळ राहायची. मी तिला कधी तोंडावर काही म्हटलं नाही, पण तीस वर्षं माझ्या बोलण्यात ते असायचंच. साडी आणून दिली तरी असायचं. मधला चौकोन काढताना माझ्या डोळ्यांपुढे मायच असायची.

दुसऱ्या दिवशी मी चिडचिड करत एस.टी.त बसले. अडीच तास जायला, अडीच यायला, एका रकान्यासाठी. ग्रंथालयातल्या बाईंनी आधी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं. तळघरातले प्रबंध कोणी मागत नाही म्हणाल्या. तरी बिचाऱ्या स्वतः खाली उतरल्या आणि अर्ध्या तासानं हिरव्या रेक्झिनच्या बांधणीचा एक जाड प्रबंध घेऊन वर आल्या. पदरानंच पुसला. कु. विमल हिवराळे. मराठी टाइपरायटरवर ठोकलेली पानं, रफार ओळीच्या वर उडालेले.

मला फक्त खात्री करायची होती. एकशे बारा काढलं. तेच पान, माझ्या झेरॉक्सपेक्षा स्वच्छ. शेवटची ओळ तीच. वहीत टिपून घेतलं, ‘पृ. ११२, प्रत पाहिली’, आणि प्रबंध मिटणार तेवढ्यात लक्षात आलं की त्या ओळीच्या शेवटी पूर्णविराम नाही.

झेरॉक्सवर तिथे काळी कड होती. पूर्णविराम आम्हीच मनानं दिला होता, प्रत्येकानं आपापला.

मी पान उलटलं. एकशे तेराची पहिली ओळ अशी होती, ‘असे प्रस्तुत संशोधनात कोठेही आढळले नाही.’

आपल्या भाषेत ‘नाही’ शेवटी येतं. वाक्य कितीही लांब असू दे, होकार की नकार ते कळायला शेवटपर्यंत थांबावं लागतं. आम्ही पानाच्या शेवटाला वाक्याचा शेवट समजून बसलो होतो.

पुढे लिहिलं होतं, ‘उलट, दीर्घ गैरहजेरीमुळे मुलीचे नाव पटावरून कमी झाल्यानंतर ते पुन्हा लावून घेण्यासाठी पालकांनी शाळेत घातलेल्या खेपांची सरासरी ३.१ इतकी आहे. त्यांपैकी बहुतेकांना नकार मिळाला.’ खाली तक्ता. गावाचं नाव, मुलीची इयत्ता, खेपा. तीन, दोन, चार, पाच, तीन. एका बाईनं सात खेपा घातल्या होत्या. सरकारी भाषेत ‘भेटी’ लिहितात, हिवराळेबाईंनी मात्र ‘खेपा’च लिहिलं होतं, लोक म्हणाले तसं.

मी किती वेळ तो तक्ता वाचत बसले मला सांगता येणार नाही. ग्रंथालयातल्या बाईंनी येऊन विचारलं, झालं का? मी एकशे तेराची झेरॉक्स काढून घेतली. प्रबंध परत देताना त्यांनी मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेली चिठ्ठी दाखवली, वाचणाऱ्यानं नाव आणि तारीख लिहायची. चिठ्ठीवर एकच नाव होतं, दोनदा. दि. ग. चिंचोळकर, नोव्हेंबर १९८८. दि. ग. चिंचोळकर, जुलै १९९०. त्याखाली मी माझं लिहिलं. रागानंच.

कारण हिशेब सरळ होता. अठ्ठ्याऐंशीला सरांचं संशोधन चालू होतं, तेव्हा त्यांनी पान घेतलं असेल. नव्वदला ते डॉक्टर झालेले होते. मग पुन्हा कशाला आले? आणि आले, तर एकशे तेरा पाहिलं नाही असं कसं होईल? पाहिलं असेल, तर मग दहा वर्षांनी मला पहिल्याच आठवड्यात तेच एक पान हातात का दिलं?

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. माय ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी चपला न काढता तिच्यासमोर बसले आणि विचारलं, रत्नाचं नाव शाळेतून कमी झालं, तेव्हा तू शाळेत गेली होतीस का?

मायनं मान वर केली नाही. “चार खेपा घातल्या,” ती म्हणाली.

मग निवडता निवडता सांगत गेली. मी विचारत होते म्हणून नव्हे, आठवत होतं म्हणून. वेचणी झाल्यावर पहिली खेप. मास्तर म्हणाले नाव कमी झालंय, अर्ज आणा. अर्ज कोणाकडून लिहून घ्यायचा, तर पाटलांच्या पोराकडून. तो घेऊन दुसरी खेप. हेडमास्तर तालुक्याला गेलेले. तिसऱ्या खेपेला सांगितलं, आता परीक्षा तोंडावर आली, पुढच्या साली पाहू. पुढच्या साली चौथी खेप, रत्नाला धुतलेला झगा घालून सोबत नेलं. दिवसभर दोघी निंबाखाली बसून राहिल्या. संध्याकाळी सांगितलं, पोरीचं वय जास्त झालं.

“त्या दिवशी रत्ना लय रडली,” माय म्हणाली. “वापस येतानी बोलली नाही माह्यासंग. मंग मी बी गेली नाही.”

मी म्हटलं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

“तू कधी इचारलं?” तिनं मेथीची काडी बाजूला टाकली. “रत्नाले म्हाईत हाय. ती होती ना संगं.”

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी सोडून. पीएच.डी. करणारी मी एकटी सोडून. मला फार रडू आलं आणि मी ते मायसमोरच रडले. ती म्हणाली, हात धुऊन घे, चहा ठेवते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला रजा टाकली आणि माझी सगळी कागदपत्रं जमिनीवर काढली. बावीस शाळांमधून मी गळतीची माहिती गोळा केली होती. मुलाखती मात्र घेतल्या होत्या मुख्याध्यापकांच्या. पालक उदासीन आहेत का, हे मी शाळेला विचारलं होतं, आणि शाळेनं हो म्हटलं होतं. पालकांना विचारायची गरजच वाटली नव्हती, पान एकशे बारा होतं ना. पण शाळांच्या दप्तरातून जे जे मिळालं ते मी झेरॉक्स करून आणलं होतं, आणि जे चौकटीत बसलं नाही त्याचा एक गठ्ठा बांधून वर चिकटपट्टीवर लिहिलं होतं, ‘इतर’. तो सोडला. त्यात पालकांचे अर्ज होते. ‘माझ्या मुलीचे नाव पुन्हा लावावे ही विनंती.’ खाली अंगठे. काहींचे एकाच मुलीसाठी दोन-दोन, तीन-तीन अर्ज. मोजले तर एकशे एकेचाळीस निघाले. सहा वर्षं ते माझ्या घरात, माझ्या कपाटात होते.

मी अर्जांचा गठ्ठा आणि एकशे तेराची झेरॉक्स पिशवीत घातली आणि सरांकडे गेले. वाटेत मनात काय काय बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सर व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं नाही. नुसतं पाहिलं आणि मांडीवर ठेवलं.

“गेलात तर,” ते म्हणाले.

मी म्हटलं, चिठ्ठीवर तुमचं नाव दोनदा आहे.

मग सरांनी एकेक सांगितलं. पहिल्यांदा गेले तेव्हा ग्रंथालय एका प्रबंधाचं एकच पान झेरॉक्स करू द्यायचं. त्यांनी घाईत एकशे बारा निवडलं, शेवटची ओळ मनासारखी होती म्हणून. घरी येऊन त्यावर सगळी चौकट बांधली. पदवी मिळाली, सत्कार झाला. दोन वर्षांनी एका लेखासाठी पुन्हा गेले आणि पान उलटलं गेलं. तोपर्यंत त्यांच्या प्रबंधावरून आणखी तिघांनी तेच लिहिलं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता वर्षं गेली, आणि दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं.

“मला का दिलंत ते पान?” मी विचारलं. “सहा वर्षं, सर. माझी सहा वर्षं गेली त्याच्यावर.”

“सगळ्यांनाच दिलं. दिलं नसतं तर कोणीतरी विचारलं असतं, का देत नाही.” त्यांनी चष्मा काढला. “लाज वाटायची, संध्याताई. दुसरं काही नाही. स्वतःच्या तोंडानं सांगवेना. म्हणून तो रकाना केला.”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ‘मूळ प्रत कुठे पाहिली?’ ती समिती. त्या समितीचे अध्यक्ष सरच होते. इतकी वर्षं आम्ही ज्याच्या नावानं बोटं मोडत होतो तो हाच माणूस.

“वाटलं, कोणीतरी जाईल,” सर म्हणाले. “गेलं की पान उलटेल. उलटलं की माझ्याकडे येईल. माझ्या हाताखालच्या नऊ जणांनी त्या रकान्यात लिहिलं, विद्यापीठ ग्रंथालय. खाली सह्या केल्या. मी चिठ्ठीवर बघून यायचो कधी कधी. कोणी गेलेलं नसायचं.”

माझा राग तेवढ्यानं गेला असं नाही. राग होताच, अजूनही थोडा आहे. पण व्हरांड्यात बसलेल्या त्या माणसाकडे पाहून मला माझा ‘इतर’चा गठ्ठा आठवला, आणि वीस-बावीस खोटे रकाने आठवले. मी पिशवीतून अर्ज काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले. म्हटलं, हे बघा. एकशे एकेचाळीस आहेत. आठ दिवसांत काय होईल?

सर अंगठे बघत राहिले. एकेक अर्ज उलटत होते. मग उठले, आत गेले, टेबलावर माझी चौकट उलटी करून कोरी बाजू वर घेतली आणि मिसेसना हाक मारली, वाट्या द्या गं.

आठ दिवस आम्ही दोघांनी काम केलं. मधला चौकोन गेला. त्या जागी ‘नाव कमी होणे’ आलं. घराकडून शाळेकडे जाणारा एक जाड बाण आला, त्यावर लिहिलं ‘खेपा’. शाळेकडून घराकडे येणारा बाण नव्हता. साहित्याच्या आढाव्याचं प्रकरण मी नव्यानं लिहिलं, त्यात एका वाक्याला साडेतीन पानं दिली. जे संदर्भ पाहिले नव्हते त्यांतले गाठता आले तेवढे गाठले, उरलेले काढून टाकले. कोणाकोणाच्या प्रबंधात ती चूक गेली त्याची यादी करताना मी सरांचं नाव टाळलं होतं. त्यांनी ते पेन्सिलनं स्वतः घातलं. ‘चिंचोळकर (१९८९) यांच्या अपुऱ्या वाचनापासून ही परंपरा सुरू झाली.’ मी म्हटलं, अपुऱ्या असू दे, परंपरा नको, फारच झालं. ते म्हणाले, परंपराच आहे ती. मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर त्याच हातानं सही केली.

तीस तारखेला सर शेवटचा तक्ता तपासत होते. एकेक ओळ, बोट ठेवून. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. गावंडे, कौसाबाई. मुलाखत. मार्च २००६. पान क्रमांकाच्या जागी आडवी रेघ. आणि मूळ प्रत कुठे पाहिली, या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘घरी’.

“असं कोणी लिहीत नाही,” सर म्हणाले. पण खोडलं नाही.

प्रबंध एकतीसला दाखल झाला, दीड वर्षानं पदवीही मिळाली. सर तोंडी परीक्षेला आले होते, मागे बसले होते, परीक्षकांनी त्यांच्या चुकीबद्दल मला विचारलं तेव्हा मान खाली घालून ऐकत होते. आता ते नाहीत. माझ्याकडेच आता विद्यार्थी येतात आणि त्या रकान्याच्या नावानं बोटं मोडतात. मी काही बोलत नाही, चिठ्ठ्या बघून येते.

दाखल केल्याच्या संध्याकाळी माझी प्रत घेऊन मी घरी आले. रत्नाला फोन लावून झाला होता, त्यात काय बोलणं झालं ते आम्हा बहिणींचं आहे. माय ओट्यावर बसली होती. मी तिच्याजवळ बसले, तो तक्ता उघडला आणि तिचं नाव वाचून दाखवलं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, ‘घरी’ म्हणजे काय?

मी म्हटलं, म्हणजे ही माहिती मला इथे मिळाली. तुझ्याजवळ.

मायनं जरा विचार केला.

“मंग तू येवढ्या दूर काहून गेलती?” ती म्हणाली.